तूर्त म्हणजे किती घटी?

नाना, काल तुमचे तेरावे झाले. पानावरून उठताना जो तो तुमच्याविषयी एकेक चांगले वाक्य बोलून हात धुवायला जात होता. "नानांचा हिशेब उभ्या जन्मात चुकला नाही," असे एक गृहस्थ म्हणाले. मी तोंड उघडणार तोच आईने माझे मनगट दाबले आणि मी गप्प राहिले. गप्प राहणे मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुमचा हिशेब चुकला होता. एक घटी, अकरा पळे आणि पंधरा विपळे इतका चुकला होता, आणि तोही माझ्या पत्रिकेत. तुम्हाला ती चूक दहा वर्षे ठाऊक होती, आणि तुम्ही ती दुरुस्त केली नाही.

गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत, हा शिष्टाचार मला मान्य नाही. तुम्ही असताना आपण दोघांनी एकमेकांचे दोष काढण्यातच इतकी वर्षे घालवली. आता एकाएकी तुम्हाला निर्दोष करून टाकले, तर तुम्हीच म्हणाल की ही पोर कुणा दुसऱ्याच जोश्याबद्दल लिहिते आहे.

आपली ओळखच मुळी तक्रारीने झाली. तुम्ही कल्याणचे जोशी, तलावाच्या काठी राहणारे. मी स्टेशनवरच्या तारमास्तरांची मुलगी, वय वर्षे दहा. कुणाच्या तरी मुंजीत तुम्ही घंगाळात पाणी भरून त्यावर तुमचे तांब्याचे घटिकापात्र सोडले होते. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत चढते, वाटी भरते, बुडते, आणि एक घटी झाली म्हणून तुम्ही अक्षतांचा एक दाणा बाजूला ठेवता. मी बाबांचे खिशातले घड्याळ मागून घेतले आणि दोन वाट्या मोजल्या.

"नाना, तुमची घटी जाड आहे."

"काय आहे?"

"जाड. चोवीस मिनिटांची असायला हवी ना? पंचवीस मिनिटांची आहे."

मंडपातले लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. "घटी जाड नसते, पोरी, सुस्त असते," तुम्ही म्हणालात. "आणि तुझ्या बापाचं घड्याळच घाईत असेल तर?"

"मग तिसरं काहीतरी घेऊन दोघांना ताडून बघा."

हे उत्तर मला त्या वयात कसे सुचले ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या उत्तराने तुम्ही मला पकडलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घरी बोलावून तुम्ही तिसरे माप काढलेत: तुमचा स्वतःचा श्वास. एक दीर्घ अक्षर उच्चारायला लागतो तो काळ म्हणजे एक विपळ. अशी दहा अक्षरे म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वास. सहा श्वासांचे एक पळ, साठ पळांची एक घटी, साठ घटींचा अहोरात्र. तुम्ही डोळे मिटून संथपणे श्लोक म्हणत होतात, मी घड्याळाकडे पाहत होते, आणि प्रत्येक पळाला चोवीस सेकंद बरोबर भरत होते. तुमचा श्वास आणि साहेबाचे घड्याळ यांचे एकमत झाले. वाटी एकटी पडली. तुमच्या विहिरीच्या मचूळ पाण्याचा क्षार छिद्राच्या कडेला बसला होता. तुम्ही सुई घेऊन तो खरवडलात, वाटी पुन्हा पाण्यावर सोडलीत, आणि ती चोवीस मिनिटांत बुडाल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणालात, "उद्यापासून येत जा."

मी येत गेले. तासाच्या अडीच घटी, मुहूर्ताची अठ्ठेचाळीस मिनिटे, प्रहराचे तीन तास, हे तर दोन दिवसांत झाले. मग तुम्ही मला खाडीवर बंदराशी नेलेत आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास कसा निघतो ते दाखवलेत. "हे माझ्या पोथीत नाही," तुम्ही म्हणालात, "हे मला तुझ्या सुइणीनं शिकवलं." माझी सुईण बायजा मिठागरावरच्या आगऱ्यांची. ती तिथेच काठावर टोपली घेऊन बसली होती. तिने मला खालून वर न्याहाळले.

"हीच का ती? मास्तराची?" ती म्हणाली. "हिच्या टायमाला पानी पालटलं न् ही रडाया लागली. नाना, लिवलं व्हतं ना तुमी?"

"लिहिलंय, बाई."

"मंग झालं. घड्याल बंद परतंय. पानी बंद परत नाय."

पुढे मी मुंबईला शिकायला गेले तेव्हा आपली गणिते कार्डावरून चालू राहिली. वैद्यकीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत लिहिले की निरोगी माणसाची नाडी मिनिटाला बहात्तर पडते. तुमचे उत्तर उलट टपाली आले: "पळाला किती?" मी लिहिले: अठ्ठावीस आणि चार पंचमांश. त्यावर तुमचे कार्ड: "चार पंचमांश ठोका पडताना कसा ऐकू येतो, तेही कळवावे." ते कार्ड मी वसतिगृहात सगळ्यांना वाचून दाखवले होते. आमच्या वर्गात मुली अगदी मोजक्या; त्यांपैकी एकीलाही असे पत्र लिहिणारे माणूस गावी नव्हते. हे तुम्हाला मी कधी सांगितले नाही. आज सांगते.

आता मंगळाकडे येते.

तुम्ही मांडलेल्या माझ्या पत्रिकेत मंगळ आठव्या घरात होता. जन्मवेळी पूर्वेला जी रास उगवत असते ते लग्न. तिथून घरे मोजायची. आठव्यात मंगळ आला की त्या मुलीच्या नवऱ्याचे आयुष्य धोक्यात, असे मानतात. माझा स्वतःचा मंगळाविषयीचा अनुभव इतकाच की दुर्बिणीतून तो तांबूस दिसतो. परंतु माझ्या अनुभवाला कोण विचारतो? माझ्या दहाव्या वर्षापासून स्थळे येत, पत्रिका मागत, आणि चार दिवसांत ती परत येई. कधी कुणी कारण लिहीत, कधी नुसतीच घडी बदललेली असे. आईने मंगळवार धरले. तलावावर बायका मला घोडनवरी म्हणत, आणि मी ऐकते आहे हे पाहून आवाज वाढवत. एके दिवशी बाबा जेवताना म्हणाले, "मंगळाचा मुलगा मिळेपर्यंत शाळेत जाऊ दे तिला. घरात बसून काय करील?" तो मुलगा मिळाला नाही. शाळा संपली, पुढची शाळा आली, मग मुंबई, मग वैद्यकी. मैत्रिणींना मी चेष्टेने सांगत असे की माझी शिष्यवृत्ती मंगळावरून येते.

ती मंगळावरून येत नव्हती, तुमच्याकडून येत होती. पण हे कळायला मला या महिन्यापर्यंत थांबावे लागले.

ठाण्याचे ते लग्न तुम्ही आयुष्यभर रंगवून सांगत असा. मी तिथे होते, अकरा वर्षांची, बाबांच्या शेजारी. मुहूर्त नऊ वाजून वीस मिनिटांचा. तुम्ही घंगाळापाशी, अंतरपाट धरलेला, आणि नवऱ्याच्या मामांनी एकदम खिशातले घड्याळ काढून आरोळी ठोकली, "अहो जोशी, मुहूर्त टळला! दहाला दहा कमी आहेत!"

"माझी वाटी अजून बुडायची आहे," तुम्ही म्हणालात.

"तुमच्या वाटीला भोकच नसेल!"

"आहे, आणि ते या पोरीनं तपासलेलं आहे." तुम्ही माझ्याकडे बोट केलेत. सारा मंडप माझ्याकडे वळला. मी बाबांच्या उपरण्यामागे लपले.

शेवटी बाबांनीच उलगडा केला. मामा रेल्वेत नोकरीला. त्यांचे घड्याळ स्टेशनशी जुळवलेले, आणि स्टेशनचे घड्याळ मद्रासच्या वेळेवर चालते. मद्रास पूर्वेला, म्हणून तिथे सूर्य आपल्या आधी अर्धा तास. "म्हणजे मामांच्या घड्याळात मद्रासचं लग्न लागलं," तुम्ही म्हणालात. "हरकत नाही. ठाण्याच्या नवऱ्याचं ठाण्याच्या सूर्यानं लावू." मंडप हसून हसून लोळला, मामाही हसले, वाटी बुडाली, आणि लग्न वेळेवर लागले.

गोष्ट तुम्ही इथवरच सांगत असा. पुढचा भाग मला आठवतो. परतताना गाडीत तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग बाबांना विचारलेत, "मास्तर, तुमचं घड्याळ कायम स्टेशनचंच?"

"नोकरीला लागल्यापासून. का हो?"

"काही नाही. सहज."

मी त्या "सहज"कडे लक्ष दिले नाही. अकरा वर्षांची मुलगी मोजमापे चोख ठेवील, पण तिला माणसाच्या गप्प बसण्याचा अंदाज कुठून यावा?

ठाण्यालाच एक स्थळ निघाले, नाना, तुम्ही आजारी पडलात त्याच सुमारास. वकिलाचे घर, मुलगा शिकलेला, त्यांना शिकलेली सून चालते. अडचण फक्त मंगळाची. त्यांच्या जोश्याला पत्रिका पुन्हा तपासून पाहायची होती, म्हणून त्यांनी मूळ जन्मटिपणाची नक्कल मागितली. बाबांनी विचारून पाहिले की मुलीचे वैद्यकीचे दीड वर्ष उरले आहे, त्याचे काय? उत्तर आले, "लग्न होऊ द्या, मग पुढे पाहू." आईला हे उत्तर फार सौजन्याचे वाटले. मला त्याचा अर्थ समजला.

म्हणून त्या गुरुवारी दुपारी मी तुमच्याकडे आले. तुम्ही लोडाला टेकून बसला होतात, पाय सुजलेले, धाप लागलेली. मी आधी घड्याळ काढून तुमचे श्वास मोजले.

"किती?" तुम्ही विचारलेत.

"पळाला अकरा."

"सहा माझे. बाकीचे पाच कुणाचे गं?"

काकू आतून म्हणाल्या, "हसू नका, खोकला येतो." आणि तो आलाच.

तुम्हाला उठवेना. तुम्हीच मला सांगितलेत: फडताळातला जन्मटिपणांचा तिसरा बस्ता, लाल दोरा, तारमास्तर म्हणून खूण आहे. मी बस्ता सोडला. माझ्या जन्माची नोंद सापडली: "सूर्योदयात् गत घटी दहा, पळे पंचावन्न. लग्न तूळ. मंगळ अष्टमात. सुईण म्हणते, पाणी पालटताना." हे जुन्या शाईत. खाली, नव्या शाईत, तुमच्याच अक्षरात, आणखी दोन ओळी होत्या: "घड्याळ स्टेशनचे. सव्वा घटी वजा. लग्न कन्या, मंगळ नवमात, दोष नाही. तूर्त राहू द्यावे."

मी ते तीनदा वाचले. मग हिशेब केला, कारण मला दुसरे काही सुचेना. माझा जन्म झाला त्याच्या थोडेच आधी रेल्वेने मद्रासची वेळ धरली होती. त्यापूर्वी स्टेशनचे घड्याळ आणि आपला सूर्य यांत सांगण्यासारखे अंतर नव्हते. त्या जुन्या सवयीनेच तुम्ही बाबांनी सांगितलेली वेळ घेतलीत आणि तिच्यातून कल्याणचा सूर्योदय वजा केलात. अर्धा तास उगाच वाढला. त्या अर्ध्या तासात कन्या रास सरून तूळ उगवली, आणि मंगळ नवव्या घरातून आठव्यात आला.

"नाना," मी म्हटले, "हे सव्वा घटी नाही. सव्वा घटी मुंबईला. कल्याण मुंबईच्या पूर्वेला दीड मिनिट. एक घटी, अकरा पळे, पंधरा विपळे."

"पावणेचार पळांसाठी भांडायला आलीस?"

"नाही. दहा वर्षांसाठी."

तुम्ही डोळे मिटलेत. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तूर्त म्हटलंय," तुम्ही म्हणालात. "कायमचं म्हटलेलं नाही."

"तूर्त म्हणजे किती घटी, नाना?"

"परीक्षा कधी तुझी?"

"विषय बदलू नका."

"विषय तोच आहे."

नाना, त्या क्षणी मला तुमचा जितका राग आला तितका त्या परत आलेल्या एकाही पत्रिकेचा आला नव्हता. ज्यांनी मला नाकारले ते निदान परके होते. तुम्ही माझे नाव बदनाम होऊ दिलेत. आईला दर मंगळवारी उपाशी राहू दिलेत. स्वतःच्या कुठल्या पापाने मुलगी अशी जन्मली याचा शोध ती बिचारी दहा वर्षे घेत होती. आणि हे सगळे तुम्ही "राहू द्यावे" अशा दोन शब्दांत, कुणाला न विचारता, बाजूला ठेवून दिलेत.

"मला विचारायला हवं होतंत," मी म्हटले.

"अकरा वर्षांच्या पोरीला?"

"अकरा वर्षांच्या पोरीला स्थळं दाखवत होतात ना? मग विचारायलाही वय पुरेसं होतं."

तुम्हाला धाप लागली होती. काकू म्हणाल्या, "भांडा, भांडा. त्या काढ्यापेक्षा याचाच गुण येतोय." तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलेत आणि माझ्याकडे पाहिलेत.

"विचारलं असतं, द्वारके, तर काय म्हणाली असतीस?"

मी बस्ता बांधला, दोऱ्याची गाठ मारली, आणि "मला गाडी आहे" म्हणून निघाले. गाडीला अवकाश होता. मी तो वेळ फलाटावर काढला.

सोमवारी बाबांची तार आली.

आता उत्तर देते, कारण ते चुकवून मी निघून आले याची लाज मला तुमच्या जाण्याइतकीच टोचते. मी हो म्हणाले असते, नाना. त्या वर्षी माझ्या दोन मैत्रिणींची लग्ने झाली होती. मला हिरवा चुडा हवा होता, नथ हवी होती, आणि वरातीत माझ्याकडे सगळ्यांनी पाहायला हवे होते. तुम्ही विचारले असतेत तर मी नाचत हो म्हटले असते, आणि आज कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भाताचे आधण पळांत मोजत बसले असते. हे तुम्हाला माहीत होते. म्हणूनच विचारले नाहीत. आणि हे मला पटते, हाच माझ्या रागाचा सर्वांत अवघड भाग आहे.

परंतु पटणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मला काय हवे हे मला कळत नाही असे धरून, माझ्या भल्याचे ते माझ्या मागे ठरवणारी माणसे मला पदोपदी भेटतात. त्यांतली बहुतेक माझे नुकसान करतात. तुम्ही भले केलेत, एवढाच फरक. पद्धत तीच होती.

काल काकूंनी तिसरा बस्ता माझ्या हातात ठेवला. "हा तुलाच द्यायचा असं म्हणाले होते," एवढेच बोलल्या. मी तो घरी आणून पहिल्या पानापासून वाचला, कारण माझ्या मनात एक शंका होती आणि तुमच्याविषयीच्या शंका मी कधी न तपासता ठेवलेल्या नाहीत. मला वाटले होते, जोश्याची अब्रू जाईल म्हणून तुम्ही चूक झाकली असेल. त्या बस्त्यात स्टेशनच्या चाळीत जन्मलेल्या आणखी पाच मुलांची टिपणे आहेत. पाचहींच्या खाली नव्या शाईत तोच शेरा: "घड्याळ स्टेशनचे. सव्वा घटी वजा." आणि त्यापुढे, पाचही ठिकाणी: "चूक माझी, असे सांगून नवी पत्रिका दिली." ती सगळी माणसे बदली होऊन पांगली होती, कुणी भुसावळला, कुणी इगतपुरीला. तुम्ही एकेकाला गाठलेत. परगावी आपली चूक कबूल केलीत, आणि गावातल्या गावात राहणाऱ्या तारमास्तरांकडे मात्र आला नाहीत.

म्हणजे अब्रू नव्हे. मग काय? माया म्हणावी, तर तसे तुम्ही कधी बोलला नाहीत. गणिताला एक भिडू मिळाला होता तो गमवायचा नव्हता, असेही असेल. स्त्रियांनी शिकावे असे तुमचे मत होते का, हे आपण दहा वर्षांत एकदाही बोललो नाही. आपण नेहमी पळे आणि विपळेच बोललो. आणि शेवटी मला तो बस्ता उघडायला सांगितलेत ते विसरून, की मुद्दाम? यातल्या कशालाही पुरावा नाही. पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये, हे मला महाविद्यालयाच्या आधी तुम्ही शिकवलेत. मी काढत नाही. प्रश्न उघडा ठेवते, आणि तो उघडा राहिला याचे दुःख करते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने नोंदवते. त्या गुरुवारपासून कालपर्यंत मीही तोंड उघडले नाही. ठाण्याहून दोनदा विचारणा झाली. "नानांना बरे नाही," मी सांगितले. नंतर "तेरावे होऊ द्या," असे सांगितले. मी गप्प राहिले तर मंगळ अष्टमातच राहणार, ठाण्याचे लोक निघून जाणार, माझे दीड वर्ष सुखरूप. नुसते गप्प राहायचे. इतके सोपे होते, नाना. तुम्हाला दहा वर्षे ते किती सोपे गेले असेल, किंवा किती जड, याची मला थोडी कल्पना आली.

पण मग सगळ्या आयुष्यात मी कुणाला नाही म्हटलेच नाही, असे झाले असते. मंगळाने म्हटले, तुम्ही म्हटलेत, मद्रासच्या घड्याळाने म्हटले. आणि उद्या मी रोग्याच्या उशाशी उभी राहून सांगणार की मी खरे तेच सांगते, आणि माझी स्वतःचीच पहिली नोंद खोटी.

आज सकाळी बाबा कामावर निघण्यापूर्वी मी तुमचे पान त्यांच्यासमोर ठेवले. तारमास्तरांना समजावून सांगावे लागले नाही. ते उभे होते ते बसले. "माझ्या घड्याळानं," ते म्हणाले, "माझ्याच घड्याळानं." मला वाटले होते ते तुमच्यावर चिडतील. ते बराच वेळ हातातल्या घड्याळाचे झाकण उघडत-मिटत राहिले.

आई चुलीपासून आली. तिला मी हळू, एकेक पायरी करून सांगितले. तिने सगळे ऐकून एकच विचारले.

"म्हणजे माझी पोर मंगळी नव्हतीच?"

"नव्हते, आई."

ती जिथे होती तिथेच भिंतीला टेकली आणि रडली. त्या रडण्याचा हिशेब तुमच्याकडे आहे, नाना, आणि तो मी माफ करणार नाही. मग तिने डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला पुढचे बोलणे फार कठीण झाले.

"अहो, मग आजच्या आज ठाण्याला कळवा," ती म्हणाली.

"कळवा," मी म्हटले. "मी सांगते तसं."

बाबांनी कागद ओढला, टाक घेतला.

"लिहा: नमस्कार. मूळ टिपण तपासले. जन्मवेळ रेल्वेच्या घड्याळाची घेतली गेल्याने लग्न चुकले होते. मंगळ नवमात आहे. दोष नाही."

आई मान डोलावत होती. बाबांनी लिहिले.

"पुढे?"

"मुलीचा या लग्नाला नकार आहे."

टाक थांबला. आई माझ्याकडे पाहत राहिली. ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते. तिने फक्त एवढेच म्हटले, "आत्ता कुठे तू सुटली होतीस गं," आणि ती आत गेली. चुलीपाशी भांडे आपटल्याचा आवाज आला. 

"द्वारका," बाबा म्हणाले, "दीड वर्षानं पुन्हा बघू, असं लिहू का? दार उघडं राहील."

"नको. त्यांना उगाच ताटकळत ठेवू नका. दीड वर्षानं मी काय म्हणेन, ते तेव्हा मी सांगेन."

"लोक विचारतील. पत्रिका जुळते, घर चांगलं, मुलगा चांगला. काहीतरी कारण लिहावं लागेल."

"इतकी वर्षं नुसती कारणंच झाली, बाबा. माझा नकार कुणी कळवलाच नाही. आता नुसता नकार लिहा."

बाबांनी मग टाक दौतीत बुडवला आणि लिहिले.